उभ्या गाडीची बॅटरी का उतरते

चार-पाच दिवस उभ्या असलेल्या जुन्या गाडीची चावी फिरवावी आणि सेल्फने नुसता ‘टक्’ असा आवाज करून थांबावे, असे घडले की बहुतेक जण थेट नवी बॅटरी आणतात. काही दिवसांनी तिचीही तीच गत होते. म्हणून आज माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. अशा गाडीत काहीही बदलण्याआधी, ती बंद असताना किती करंट ओढते हे मोजावे, आणि तेही तिची झोप न मोडता.

अर्थात बॅटरीची शहानिशा आधी करावीच लागते. पूर्ण चार्ज झालेली चांगली बॅटरी काही तास विसावल्यावर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ दिसले, तर ती निम्मी उतरली आहे असे समजावे. टर्मिनल काढून ठेवलेली बॅटरीही रात्रभरात उतरत असेल, तर दोष तिच्यातच आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळत असतील, तर चार्जिंगबद्दल फारशी शंका नको.

थोडा करंट बंद गाडीही ओढणारच, कारण घड्याळ, स्टिरिओ आणि अलार्म यांना तो सतत लागतो. ५० मिलिअँपिअरपर्यंतची ओढ सामान्यतः चालण्याजोगी मानतात, आणि इलेक्ट्रॉनिक्स कमी असलेल्या जुन्या गाडीत ती याहूनही कमी असायला हवी. ५० मिलिअँपिअरने ४५ अँपिअर-अवरची बॅटरी निम्मी व्हायला जवळजवळ १९ दिवस लागतात. पण डिकीतला ५ वॉटचा एक दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर तो सुमारे ०.४ अँपिअर ओढतो आणि तीच बॅटरी दोन-सव्वादोन दिवसांत निम्मी करतो.

मोजण्यासाठी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून, ती केबल आणि बॅटरीचे टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडावा. मीटर जोडलेला असताना इग्निशन चालू करू नये आणि सेल्फ तर मुळीच मारू नये. मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडेल. जोडल्याबरोबर दिसणारा आकडा मोठा असतो, आणि इथेच घाई नडते. गाडीतली कंट्रोल युनिट, म्हणजे तिचे छोटे संगणक, एकेक करून झोपतात, म्हणजे अगदी थोड्या करंटवर येतात; काही गाड्यांत त्याला दहा मिनिटे पुरतात, काहींत अर्धा तास किंवा अधिकही लागतो. फ्यूजबॉक्सपर्यंत पोहोचता यावे म्हणून दार उघडे ठेवायचे असेल, तर दाराचे लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत आणावे. दिव्याचा स्विच दाराच्या चौकटीत असेल, तर तोही दाबून ठेवावा. आकडा टप्प्याटप्प्याने उतरून स्थिर झाला की तोच खरा.

तो जास्त निघाला, तर एकेक फ्यूज उपटून पाहण्याची रूढ पद्धत आहे. मला ती पसंत नाही, कारण फ्यूज काढून परत बसवताना झोपलेले युनिट जागे होते आणि सगळी प्रतीक्षा पुन्हा करावी लागते. त्यापेक्षा चपट्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे जे दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर दुसऱ्या मीटरची टोके टेकवून मिलिव्होल्ट मोजावेत. फ्यूजमधून करंट जात असेल, तरच तिथे व्होल्टेज दिसते. १० अँपिअरच्या फ्यूजमधून ०.४ अँपिअर वाहत असेल, तर ते साधारण ३ मिलिव्होल्ट भरते. म्हणून मीटर मिलिव्होल्टचा दशांश दाखवणारा हवा.

सर्किट सापडले की पुढचे काम पुष्कळ सोपे होते. नंतर बसवलेला स्टिरिओ किंवा अलार्म त्या सर्किटवर असेल, तर त्याचे वायरिंग सर्वांत आधी तपासावे. चिकटलेला रिले, म्हणजे करंटने चालू-बंद होणारा स्विच, हाताला कोमट लागतो. ग्लोव्हबॉक्समधला दिवा खरोखर विझतो की नाही, हे आत मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून झाकण लावले की कळते.

पण सगळ्या फ्यूजांवर शून्य दिसूनही बॅटरीला जोडलेल्या मीटरवरचा आकडा मोठाच राहिला, तर अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राकडे, वळावे. त्याची जाड तार बहुधा या फ्यूजबॉक्सला वगळून बॅटरीकडे जाते, आणि आतला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळका झाला की करंट तिथून उलटा वाहतो. बॅटरी पूर्ण सोडवून ती तार काढावी, तिचे उघडे टोक इन्सुलेशन टेपने झाकावे आणि पुन्हा मोजावे; आकडा खाली आला, तर चोर सापडला.

दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा झोपू द्यावी आणि पुन्हा मोजावे, कारण जुन्या वायरिंगमध्ये एका मोठ्या गळतीआड दुसरी लहान गळती लपलेली असू शकते.