खोटी मोटार कंपनी, खरे सुटे भाग

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापला आहे तो असा : अमेरिकेत कधीच नसलेल्या मोटार कंपनीचा इतिहास कसा रचावा. कादंबरी लिहिणारे, मॉडेल बनवणारे, खेळांसाठी जग उभं करणारे बरेच जण समोर बसले आहेत. त्यामुळे माझा आग्रह आधीच सांगून टाकतो. हा इतिहास संस्थापकापासून सुरू करू नका, गिअरबॉक्सपासून करा.

होतं काय, की दहातल्या नऊ कल्पित कंपन्यांची गोष्ट एकच असते. एक अवलिया, एक अद्भुत गाडी आणि डेट्रॉइटच्या तीन बड्यांनी, म्हणजे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लरनं केलेला घात. हा साचा प्रेस्टन टकरचा; दुसऱ्या महायुद्धानंतर नवी मोटार कंपनी काढून फसवणुकीच्या खटल्यात अडकलेला हा माणूस. आणि टकरची गोष्टसुद्धा आपण अर्धीच सांगतो, याचा मला खरोखर राग येतो. कोर्टकचेरीवर पानंच्या पानं लिहिली जातात आणि इंजिनाला एक ओळही मिळत नाही!

तर आधी ते इंजिन पाहू. १९४७ च्या जूनमध्ये शिकागोच्या अवाढव्य कारखान्यात टकरची पहिली गाडी लोकांसमोर आली. तिच्यात ५८९ घनइंचांचं, म्हणजे साडेनऊ लिटरांच्या वरचं इंजिन मागे बसवलेलं होतं. झडपा उघडायला नेहमीचा कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा नाही, तेलाचा दाब. आता बघा, इंजिन फिरल्याशिवाय तेलाला दाब नाही आणि दाबाशिवाय झडप उघडत नाही. मग सुरू करायलाच बाहेरून जादा व्होल्टेज द्यावं लागे. ताकद थेट मागच्या दोन चाकांपाशी, प्रत्येकाला वेगळा टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पुढे पोचवणारं यंत्र), मधे गिअरबॉक्सच नाही, त्यामुळे रिव्हर्सची सोयच नव्हती. वजनाखाली सस्पेन्शनचे दांडे ऐन वेळी तुटले आणि पाहुण्यांना ताटकळत ठेवून दुरुस्ती करावी लागली.

ते इंजिन गेलं. त्याच्या जागी सिरॅक्यूजच्या एअर-कूल्ड मोटर्सचं ३३५ घनइंचांचं सपाट सहा सिलिंडरचं, हेलिकॉप्टरसाठी बनलेलं इंजिन आलं. ते हवेवर थंड होणारं, म्हणून टकरच्या माणसांनी त्याला पाण्याची जाकिटं चढवली. १६६ अश्वशक्ती मिळाली. टकरनं ती कंपनीच विकत घेऊन टाकली, कारण इंजिन पुरवणाऱ्याच्या मर्जीवर राहणं म्हणजे काय, हे त्याला नेमकं कळलं होतं.

गिअरबॉक्सचं मात्र असं करता येईना. मागच्या इंजिनाला डिफरन्शिअलसकट (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दातांसकट) एकाच पेटीतला गिअरबॉक्स हवा आणि अमेरिकेत तसा कुणी बनवून विकत नव्हतं. मग १९३६-३७ च्या कॉर्ड गाड्यांचे जुने गिअरबॉक्स भंगारातून शोधून आणले. कॉर्ड पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणजे तिच्यातही दोन्ही एकाच पेटीत, म्हणून ती पेटी उपयोगी पडली. पण एवढ्या जोरापुढे दात टिकेनात. म्हणून मिशिगनमधल्या इप्सिलांटीला मजबूत दात आणि लांब शाफ्ट घालून ती नव्यानं बांधली. पहिली नमुन्याची गाडी धरून एकूण ५१ गाड्या झाल्या. विचार करा : भंगारातून मिळालेल्या पेट्यांवर हजारो गाड्यांचा कारखाना चालेल कसा? खटल्यातून टकर १९५० च्या जानेवारीत निर्दोष सुटला. पण एकही शत्रू नसता, तरी ही अडचण तिथेच उभी राहिली असती.

दुसरं उदाहरण पॅकार्ड या डेट्रॉइटच्या जुन्या, उंची गाड्यांच्या कंपनीचं, आणि ते मला जास्त लागतं. पॅकार्डची बॉडी ब्रिग्ज ही बाहेरची कंपनी बनवत असे. १९५३ मध्ये क्रायस्लरनं ब्रिग्जचा बॉडीचा धंदा विकत घेतला आणि पॅकार्डला सांगितलं, पुढे बॉडी मिळणार नाही. मग कॉनर अॅव्हेन्यूचा एक छोटा कारखाना भाड्यानं घेऊन बॉडी आणि जुळणी दोन्ही तिथे कोंबली. १९५५ चं मॉडेल रेंगाळत आलं आणि दारं, ट्रिम, पाण्याची गळती अशा तक्रारी घेऊन आलं. नवं व्ही-८ इंजिन आणि टॉर्शन बारचं (स्प्रिंगऐवजी पिळल्या जाणाऱ्या दांड्यांचं) सस्पेन्शन असूनही! जून १९५६ मध्ये डेट्रॉइटची पॅकार्ड बंद पडली. कादंबरीत हे लिहिलं, तर संपादक म्हणेल, खलनायक कुठाय?

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आला. मुख्य भाग आता भरभर सांगतो.

स्थापनेचं साल १९०३ ते १९११ मधलं असेल, तर सेल्डन पेटंटचं, म्हणजे पेट्रोलच्या मोटारीवरच हक्क सांगणाऱ्या पेटंटचं काय केलं, ते लिहावंच लागेल. किमतीच्या सव्वा टक्का रॉयल्टी भरली की फोर्डसारखे भांडत राहिलात? विशीच्या दशकातली छोटी कंपनी असेल, तर इंजिन कॉन्टिनेंटल किंवा लायकमिंगचं, अॅक्सल टिमकनचा, युनिव्हर्सल जॉइंट स्पायसरचा. शेजाऱ्याचं इंजिनही तेच, म्हणून वेग सारखाच. फरक रंगात, बॉडीत आणि जाहिरातीत. क्लीव्हलंडच्या जॉर्डन कंपनीचा संसार असाच चालला.

तारखा सांभाळा. इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलपासून. १९४० च्या मॉडेलपासून सात इंची गोल सील्ड बीम, म्हणजे काच, आरसा आणि तार एकत्र बंद केलेले पुढचे दिवे, त्यामुळे १९४१ च्या गाडीला लंबगोल दिवे काढलेत, की जाणकार वही मिटतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये खासगी गाड्यांचं उत्पादन थांबलं, तेव्हा १९४३ चं मॉडेल नाहीच. विद्युत यंत्रणा सहा व्होल्टची, बारा व्होल्ट पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर. ऑटोमॅटिक गिअर छोट्या कंपन्या जनरल मोटर्सकडून घेत. १२ ऑगस्ट १९५३ ला मिशिगनमधल्या लिव्होनियाचा, त्या ऑटोमॅटिक गिअरचा म्हणजे हायड्रामॅटिकचा कारखाना जळाला. जनरल मोटर्सलाही आपल्या पाँटियाकमध्ये शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड हा दुसरा ऑटोमॅटिक गिअर बसवावा लागला. मग तुमच्या कंपनीनं सप्टेंबरमध्ये काय बसवलं?

आणि शेवट. कंपनी मेली, तरी बॉडीचे साचे मरत नाहीत. अमेरिकेत कैसरच्या गाड्या १९५५ मध्ये बंद झाल्या. साचे जहाजानं अर्जेंटिनाला गेले आणि १९५८ पासून तीच गाडी तिथे काराबेला नावानं निघाली. त्याच कैसरनं १९५३ मध्ये विलीज घेतली होती, जिच्या जीपची जुळणी तोवर मुंबईत महिंद्रांकडे सुरूही झाली होती. तुमच्या कंपनीचे साचे कुणी, कितीला आणि कोणत्या बंदरातून नेले, ते आधी ठरवा आणि तिथून मागे लिहीत या.