इंग्लंडला न पोहोचलेल्या पेट्या

माद्रिदच्या सान फर्नांदो ललितकला अकादमीतील काही जुन्या पुस्तकांवर ‘पी. वाय.’ अशी दोन अक्षरे आढळतात. ‘प्रेसा इंग्लेसा’, म्हणजे इंग्रजांची पकडलेली मालमत्ता, असा त्यांचा अर्थ आहे. त्या काळी ‘इंग्लेसा’ हा शब्द स्पॅनिशमध्ये ‘वाय’ने लिहीत.

अठराव्या शतकात इटली पाहिल्याखेरीज इंग्लंडमधील धनिकपुत्राचे शिक्षण पुरे झाले असे मानले जात नसे. या प्रदीर्घ प्रवासाला ‘ग्रँड टूर’ म्हणत. रोममध्ये हे तरुण पोम्पेओ बातोनीकडून स्वतःचे व्यक्तिचित्र करवून घेत, पिरानेसीने कोरलेली प्राचीन अवशेषांची मुद्राचित्रे आणि संगमरवरी शिल्पे विकत घेत. एवढा जड माल आल्प्स पर्वत ओलांडून नेणे कठीण असल्याने तो लिव्होर्नो बंदरातून जहाजाने मायदेशी रवाना होई.

‘वेस्टमोरलंड’ हे असेच एक जहाज. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स ब्रिटनविरुद्ध उतरला होता, आणि जानेवारी 1779 मध्ये ‘कातों’ व ‘देस्तां’ या दोन फ्रेंच युद्धनौकांनी हे जहाज पकडून स्पेनच्या मालागा बंदरात नेले. त्यावर रेशीम होते, पार्मेझान चीजच्या 32 मोठ्या गोल ढेपा होत्या आणि कलावस्तूंनी व पुस्तकांनी भरलेल्या पन्नासहून अधिक पेट्या होत्या. मेंग्ज या चित्रकाराने सर वॉटकिन विल्यम्स-विन यांच्यासाठी रंगवलेले पर्सियस आणि अँड्रोमेडाचे भव्य चित्र फ्रान्समार्गे रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनकडे गेले. बहुतेक पेट्या मात्र स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने विकत घेऊन अकादमीकडे सोपवल्या.

मालकांचे नुकसान झाले, हे खरेच. पण इंग्लंडला सुखरूप पोहोचलेले कितीतरी संग्रह पुढच्या पिढ्यांनी विकले, वाटून घेतले, आणि कोणती वस्तू कोणी कोणत्या प्रवासात घेतली याचा माग पुसट झाला. इथे मात्र एकाच सफरीतील खरेदी, पुस्तके आणि नकाशांसह, बऱ्याच अंशी एकत्र राहिली. विशीतल्या प्रवाशाने काय वाचले, काय निवडले, हे इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळते.

ज्यांच्या पेट्या या जहाजावर होत्या, त्या प्रवाशांपैकी एक होता फ्रान्सिस बॅसेट, कॉर्नवॉलच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या घराण्याचा वारस. बातोनीने 1778 मध्ये रंगवलेले त्याचे पूर्णाकृती चित्र आज माद्रिदच्याच प्रादो संग्रहालयात आहे. तरुण बॅसेट त्यात ऐटीत उभा आहे, आणि त्याच्यामागे रोममधील सेंट पीटर चर्चचा घुमट व सांतांजेलोचा किल्ला दिसतो.