सत्तरावे सप्तक कुठे ठेवायचे?

इस्राएल आणि शेवटचा काळ हा विषय निघाला की बोलणे लगेच बातम्यांवर येते. युद्ध कुठे पेटले, करार कोणी केला, मग हे भविष्यवाणीप्रमाणेच चालले आहे का? आज आपण उलट्या बाजूने जाऊ. दानीएलाच्या नवव्या अध्यायातली 24 ते 27 ही चार वचने आधी नीट उलगडू. ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये इस्राएलबद्दल जे टोकाचे मतभेद दिसतात, त्यांतले बरेचसे या चार वचनांतल्या शेवटच्या सात वर्षांपाशी फुटतात.

मजकूर असा आहे. दानीएलाच्या लोकांसाठी आणि यरुशलेमेसाठी सत्तर सप्तके ठरली आहेत. एक सप्तक म्हणजे सात वर्षे, हे जवळजवळ सगळे मानतात; एकूण 490. त्यांचे तीन तुकडे पडतात : 7, 62 आणि 1. यरुशलेम पुन्हा बांधण्याची आज्ञा निघेल तेव्हापासून मोजणी सुरू. 62 सप्तकांनंतर अभिषिक्ताचा (तेलाने अभिषेक केलेल्या, देवाने नेमलेल्या पुरुषाचा) वध होईल, पुढे येणाऱ्या अधिपतीचे लोक नगर आणि पवित्रस्थान उद्ध्वस्त करतील. मग ‘तो’ एका सप्तकासाठी पुष्कळांशी करार पक्का करील आणि सप्तकाच्या मध्यावर यज्ञ व अर्पणे बंद पाडील. आता आज्ञा कोणती, अभिषिक्त कोण आणि करार करणारा ‘तो’ कोण, हे तीन प्रश्न उरतात. तिसऱ्याच्या उत्तरावर बाकीचे सगळे अवलंबून आहे.

आधी आकडे. नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायात अर्तहशश्त राजा आपल्या विसाव्या वर्षी नहेम्याला यरुशलेमेला जाऊ देतो. ते वर्ष इ.स.पू. 445 किंवा 444. तिथून 69 सप्तके म्हणजे 483 वर्षे मोजली तर आपण इ.स. 39 च्या आसपास पोचतो. क्रूसावर खिळण्याची घटना 30 किंवा 33 सालची मानतात, म्हणजे हिशेब पुढे जातो. स्कॉटलंड यार्डमधले अधिकारी सर रॉबर्ट अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर तोडगा काढला. प्रकटीकरणात 42 महिने आणि 1260 दिवस हे एकाच काळाचे माप आहे, म्हणजे महिना 30 दिवसांचा आणि वर्ष 360 दिवसांचे. 483 गुणिले 360 बरोबर 1,73,880 दिवस. सुरुवात 14 मार्च इ.स.पू. 445, शेवट 6 एप्रिल इ.स. 32. त्यांच्या मते येशू गाढवीच्या शिंगरावर बसून यरुशलेमेत आला तोच हा दिवस.

हा हिशेब आजही व्हॉट्सअॅपवर फिरतो, म्हणून तो तपासून पाहू. इ.स.पू. 445 ते इ.स. 32 यांत 476 वर्षे होतात. शून्य साल नाही, त्यामुळे 445 अधिक 32 यांतून एक वजा. 476 गुणिले 365 म्हणजे 1,73,740. मार्च 14 ते एप्रिल 6 हे दोन्ही दिवस धरून 24. बेरीज 1,73,764. उरले लीप दिवस. अँडरसन यांनी 116 घेतले, आणि 1,73,880 तंतोतंत जमले. पण तारखा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या आहेत आणि त्या पंचांगात दर चौथे वर्ष लीप असते, अपवाद नाही. 476 ला 4 ने भागा, 119 येतात. तीन दिवस वजा करण्याची सूट ग्रेगोरियन पंचांगाची, तारखा मात्र ज्युलियन. खरी बेरीज 1,73,883. शिवाय यहुदी लोक 360 दिवसांचे वर्ष चालवत नव्हते. चांद्रवर्ष ऋतूंशी जुळवायला ते आपल्या अधिकमासासारखा जादा अदार महिना घालतात. बायबलचे अभ्यासक हॅरल्ड होनर यांनी पुढे सुरुवात 444 ला आणि शेवट 33 ला सरकवला, पण 360 चे गृहीतक तेच राहिले. भक्तिभावाने केलेल्या गणितालाही हातचा चुकला तर उत्तर चुकतेच.

दुसरी जुनी पद्धत एज्राच्या सातव्या अध्यायातली आज्ञा धरते : अर्तहशश्ताचे सातवे वर्ष, इ.स.पू. 457. साधी सौर वर्षे मोजा. 483 वर्षांनी इ.स. 27 येते, येशूच्या बाप्तिस्म्याच्या जवळपास. इथे ‘तो’ म्हणजे ख्रिस्त. सप्तकाच्या मध्यावर, 31 साली, त्याच्या बलिदानाने यज्ञांचा अर्थ संपतो. 34 साली सप्तक पूर्ण. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट हेच शिकवतात. पुण्यातली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच पंथाची. दानीएलाच्या आठव्या अध्यायातले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षे असे हा पंथ धरतो आणि त्यांचीही सुरुवात 457 पासूनच करतो. अमेरिकेत विल्यम मिलर यांनी 2300 मधून 457 वजा करून ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याचे साल 1843 काढले. ते साल कोरडे गेले. शून्य साल नसल्याचे ध्यानात आल्यावर 1844, आणि शेवटी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस ठरला. काहींनी शेतात उभे पीक तसेच सोडले. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला. त्यातून उरलेल्या एका गटाने तारीख बरोबर पण घटना स्वर्गीय पवित्रस्थानातली, असा अर्थ लावला, आणि अॅडव्हेंटिस्ट मंडळी त्यातून वाढली.

तिसरी बाजू विद्यापीठांतल्या बहुसंख्य अभ्यासकांची. त्यांच्या मते पुस्तकाचा हा भाग अंतियोखस चौथा या ग्रीक वंशाच्या राजाने यहुद्यांचा छळ केला त्या काळात लिहिला गेला. वध झालेला अभिषिक्त म्हणजे महायाजक ओनियास, इ.स.पू. 170 च्या सुमारास. 167 मध्ये अंतियोखसाने मंदिरातले यज्ञ बंद पाडले. पहिली सात सप्तके छान बसतात : 587 मध्ये यरुशलेमेचा पाडाव, 49 वर्षांनी 538, कोरेश राजाने यहुद्यांना परत जाण्याची परवानगी दिली तो काळ. पुढची 62 मात्र बसत नाहीत. 538 मधून 434 गेले की 104 येतात, ओनियासच्या सुमारे 66 वर्षे पुढे. म्हणून ते आकडा ढोबळ, प्रतीकात्मक मानतात. आकड्यांची अडचण कोणालाच चुकलेली नाही.

आता खरा सांधा. पहिल्या दोन्ही ख्रिस्ती हिशेबांत 69 सप्तके येशूच्या काळात संपतात. सत्तरावे लगेच पुढे लावायचे, की मध्ये अंतर सोडायचे? 490 वर्षांत मधेच खंड पडतो असे मजकुरात थेट म्हटलेले नाही. तरी शेवटचे सप्तक जगाच्या अंतापाशी ठेवण्याची कल्पना जुनी आहे. तिसऱ्या शतकात हिप्पोलितस यांनी तसे केले होते. तिची पक्की यंत्रणा बांधली ती प्लिमथ ब्रदरन चळवळीतल्या जॉन नेल्सन डार्बी यांनी (1800 ते 1882). इस्राएलने मशीहाला नाकारले तेव्हा इस्राएलचे घड्याळ 69 वर थांबले. मंडळीचा सगळा काळ हा मधला कंस. मंडळी हवेत उचलली जाईल (थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र, अध्याय 4), मग घड्याळ पुन्हा चालू होईल : सात वर्षे, साडेतीन अधिक साडेतीन. ‘तो’ आता ख्रिस्तविरोधक. मग हर्मगिदोनचे शेवटचे युद्ध, ख्रिस्ताचे येणे, यरुशलेमेतून हजार वर्षांचे राज्य. 1909 साली सायरस स्कोफील्ड यांचे टीपांसह बायबल ऑक्सफर्डने छापले आणि ही मांडणी वचनांच्या खालीच, त्याच पानावर आली. अनेक साध्या वाचकांना टीप आणि वचन वेगळे काढणे जड गेले.

अंतर मान्य केले की पुढचे आपोआप येते. इस्राएल राष्ट्राचा हिशेब अपुरा आहे, तर राष्ट्र हवे, देश हवा, यरुशलेम हवे. म्हणून 1948 (इस्राएल राष्ट्राची स्थापना) आणि 1967 (जुने यरुशलेम इस्राएलच्या ताब्यात) ही साले या वाचकांना चिन्हे वाटतात. त्यातही एक गाठ आहे. यहेज्केल 36 आणि 37 मध्ये लोक देशात परत येतात आणि त्यांना नवे हृदय मिळते. आजचे राष्ट्र मशीहावर विश्वास न ठेवता जमले, म्हणून जपून बोलणारे लोक 1948 ला पूर्तता म्हणत नाहीत, फक्त रंगमंचाची तयारी म्हणतात. बेधडक बोलणारे मत्तय 24:34 मधली ‘ही पिढी’ म्हणजे 1948 अधिक 40 असे धरून 1988 सांगून बसले. इस्राएलवरच्या या प्रेमात एक बोचरा भागही आहे, आणि तो व्यासपीठावरून क्वचितच सांगितला जातो : जखऱ्या 13:8 वरून यांतले बरेच जण मानतात की महासंकटात, म्हणजे त्या शेवटच्या सप्तकात, त्या देशातले दोन तृतीयांश यहुदी मरतील.

अंतर न मानणाऱ्यांना ही वचने ख्रिस्तात पुरी झालेली दिसतात. प्रकटीकरण 20 मधली हजार वर्षे ऑगस्टीनपासून चालत आलेल्या वाचनात आजच्या मंडळीच्या काळाची खूण आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बरेचसे रिफॉर्म्ड (कॅल्विन यांच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) लोक ढोबळपणे तिथेच आहेत. पण हीच बाजू पुढे ‘देवाने यहुद्यांना टाकले’ इथवर घसरली आणि त्याची किंमत यहुद्यांनी शतकानुशतके मोजली. 28 ऑक्टोबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने देवाने यहुद्यांना नाकारले वा शापले असे मांडू नये, असे स्पष्ट म्हटले. कोकणातल्या बेने इस्राएल शेजाऱ्यांसोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायची गरज पडू नये.

दोन्ही बाजूंना अडचणीत टाकणारा अध्याय रोमकरांस पत्राचा अकरावा. देवाचे लोक म्हणजे जैतुनाचे एकच झाड. काही मूळ फांद्या तोडल्या, रानजैतुनाच्या कलम केल्या, आणि तोडलेल्या पुन्हा लावण्यास देव समर्थ आहे. मग 26 व्या वचनात ‘सर्व इस्राएल’ तारले जाईल. कॅल्विन यांच्या मते हे यहुदी आणि परराष्ट्रीय मिळून देवाचे सगळे लोक. काहींच्या मते सर्व काळांतले विश्वासू यहुदी. चार्ल्स हॉज, जॉन मरे यांच्यासारखे रिफॉर्म्ड विद्वान मात्र शेवटी यहुदी लोकांचे मोठ्या संख्येने परतणे अपेक्षितात, डार्बींची यंत्रणा न घेता. झाड एकच असेल तर दोन वेगळे लोक कसे, हा प्रश्न एका बाजूला. 29 व्या वचनात देवाचे पाचारण मागे घेतले जात नाही असे आहे, हा दुसऱ्या बाजूला. आणि 9 ते 11 या तीनही अध्यायांत देशाच्या भूमीचा उल्लेख नाही. माझ्या मते ख्रिस्ती माणसाने इस्राएलबद्दलची चर्चा इथून सुरू करावी, दानीएलातून नव्हे. पॅलेस्टाइनमधल्या ख्रिस्ती लोकांची बाजूही मग ऐकू येते. 2006 साली यरुशलेममधल्या चार मंडळ्यांच्या प्रमुखांनी ख्रिस्ती झिओनवाद (भविष्यवाणीच्या आधारे आजच्या इस्राएल राष्ट्राला पाठिंबा देणारा विचार) नाकारणारे निवेदन काढले होते.

लाल कालवडींबद्दल नेहमी विचारले जाते. सप्टेंबर 2022 मध्ये टेक्सासहून पाच कालवडी इस्राएलला नेल्या, हे खरे. गणना 19 प्रमाणे निर्दोष, मानेवर कधी जू न ठेवलेली लाल कालवड जाळून तिच्या राखेचे शुद्धीकरणाचे पाणी करतात. मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहाप्रमाणे एकाच रंध्रातून निघालेले दोन वेगळ्या रंगाचे केसही ती बाद करायला पुरतात. ख्रिस्ती लोकांना यात रस का? सत्तराव्या सप्तकाच्या मध्यावर यज्ञ बंद व्हायचे, तर आधी ते सुरू असायला हवेत, म्हणजे मंदिर हवे. अंतर न मानणारे इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायावर बोट ठेवतात : एकदाच झालेल्या अर्पणानंतर पुन्हा बली कशाला? स्कोफील्ड यांचे उत्तर होते की सहस्र वर्षांच्या राज्यातले बली फक्त स्मरणार्थ. पण यहेज्केल 45:17 तर ते प्रायश्चित्तासाठी आहेत असे सांगते. 1967 च्या सुधारित स्कोफील्ड बायबलच्या टीपेत म्हणूनच दुसरा पर्यायही दिला आहे : हे बली शब्दशः घेऊ नयेत. शब्दशः वाचन हाच ज्या पंथाचा पाया, त्यानेच हा पर्याय छापला आहे.