दाराबाहेरचा कानोसा

नमस्कार, श्रोतेहो.

नऊ वर्षांचं एक मूल शाळेतून घरी येतं. दाराशी बूट काढायला जरा जास्तच वेळ लावतं. आत भांडी वाजतायत का? की सगळं सामसूम? त्या चाहुलीवरून ते ठरवतं, आज आईजवळ जायचं की दप्तर घेऊन गुपचूप कोपऱ्यात बसायचं.

आईला नैराश्य आहे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मुलाला मात्र कुणी सांगितलेलं नाही. ‘लहान आहे, त्याला काय कळतंय!’

कळतं हो. अर्धवट कळतं, आणि उरलेलं ते आपल्याच मनाने भरतं. ‘मी पसारा केला, म्हणून आई रडली.’ म्हणून त्याला आजाराचं नाव सांगा. तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करणं हे तुझं काम नाही, हेही सांगा. बरं वाटत असताना आईनेच सांगितलं तर उत्तम. एकदा सांगून भागत नाही. सहाव्या वर्षी पुरलेलं उत्तर अकराव्या वर्षी तोकडं पडतं.

पुढे एक प्रश्न येतो, बहुधा मनातल्या मनात: ‘मलाही होईल का?’ इथे खोटा धीर नको. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचंच घ्या. आई-वडिलांपैकी एकाला तो असेल, तर मुलाला होण्याची शक्यता साधारण १०० मध्ये १०. एरवी ती १०० मध्ये सुमारे १. धोका वाढतो, हे खरं. पण अशा दहांतल्या नऊ मुलांना तो होत नाही, हेही तितकंच खरं.

‘किती शहाणं मूल!’ या कौतुकाची मला धास्ती वाटते. धाकट्याला भरवणारं, आईच्या गोळ्या मोजणारं मूल शहाणं दिसतं खरं. त्याचं खेळणं कधी थांबलं, ते कुणी पाहत नाही.

नॉर्वेत २०१० पासून कायदाच आहे: रुग्णाला लहान मुलं आहेत का, याची चौकशी आरोग्य कर्मचाऱ्यांनी करायची. जिथे असं कुणी विचारत नाही, तिथे आत्या, मामा, शेजारी, वर्गशिक्षक यांतल्या एकाने तरी पुढे व्हावं. असा एक भरवशाचा मोठा माणूस मिळाला तरी मुलाला फार बळ येतं.

त्या मोठ्या माणसाने एवढं करावं. आई बरी असताना तिच्यासोबत बसून ठरवावं, की त्रास वाढला तर मुलाने कुणाला फोन करायचा, रात्री कुणाकडे झोपायचं. ते कागदावर लिहून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवावं. आणि त्या कागदावर आपला नंबर असेल, तर रात्री दोन वाजताही फोन उचलावा.