कोणी ऐकतंय का?

श्रोतेहो, नमस्कार.

तुम्ही आत्ता रेडिओ ऐकताय, तेव्हा बिनतारी संदेशाच्याच एका गोष्टीपासून सुरुवात करते. नेव्हिल शूट यांची १९५७ सालची ‘ऑन द बीच’ नावाची कादंबरी आहे. अणुयुद्धात सगळा उत्तर गोलार्ध संपलाय. वाऱ्याबरोबर किरणोत्सर्ग हळूहळू दक्षिणेकडे सरकतोय आणि मेलबर्नच्या लोकांना पक्कं ठाऊक आहे की आपले काही महिनेच उरलेत. अशात अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या बाजूने संदेश येऊ लागतात. अर्थ काही लागत नाही. खटखट, मग शांतता, मग पुन्हा खटखट. कोणी जिवंत असेल? एक पाणबुडी अख्खा समुद्र ओलांडून तिथं जाते. एक अधिकारी संरक्षक पोशाख चढवून किनाऱ्यावर उतरतो आणि बघतो तर काय, खिडकीची निखळलेली चौकट संदेशयंत्राच्या कळीवर येऊन टेकलीय. वारा सुटला की ती हलते. तोच तो संदेश.

मग तो माणूस त्या कळीपाशी बसतो आणि स्वतः एक नीट, शुद्ध संदेश पाठवतो. इथं कोणी नाही, केंद्र बंद करतोय. परतताना तिथली मासिकं उचलतो, कारण त्यातल्या एका क्रमशः कथेचे पुढचे भाग त्याचे वाचायचे राहिले होते! जग बुडालंय, पण त्या कथेत पुढं काय झालं, हे त्याला कळायला हवं.

जगबुडीनंतरच्या कादंबऱ्या मी बऱ्याच वाचते. घरचे विचारतात, रात्री झोपताना हे कसलं वाचतेस? कारण असली माणसं. या पाणबुडीचा कप्तान ड्वाइट टॉवर्स घ्या. बायको आणि दोन मुलं अमेरिकेत होती, म्हणजे आता नाहीत. तो मेलबर्नच्या दुकानांत मुलासाठी मासे पकडायची काठी घेतो, बायकोसाठी हातातलं कडं घेतो. मुलीला उड्या मारायची स्प्रिंगची काठी हवी होती, ती मात्र कुठे मिळत नाही. सप्टेंबरात घरी जायचंय, रिकाम्या हाताने कसं जाणार? तो खुळावलेला नाही. सगळं समजून हे करतोय. त्याच्या प्रेमात पडलेली मोयरा नावाची एक तरुणी आहे. ती त्याला भानावर आणायला जात नाही, भांडत नाही. ती ती काठी मिळवून आणून देते. मेलेल्या मुलीसाठी, जिच्या बापावर आपलं प्रेम आहे आणि जो आपला कधीच होणार नाही. एवढ्या एका खरेदीत शूट यांनी जे सांगितलंय, ते दहा प्रेमप्रसंगांत मावलं नसतं.

या प्रकारच्या लेखनातला मोठा भाग मला आवडत नाही, हेही कबूल करते. तळघरात डबाबंद अन्न किती, बंदुकीच्या गोळ्या किती, कुंपण कसं घालायचं, असा वाणसामानाच्या यादीसारखा मजकूर. शेजारी दिसला की तो चोरच, हे त्यात गृहीत. आपला अनुभव थोडा वेगळा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईत लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली, कोरडे कपडे दिले. ‘मुंबई स्पिरिट’ हा शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत झालाय, पण त्या रात्री माणसं तशी वागली, हे खोटं नाही. फक्त एक आहे. ते पाणी ओसरलं. पाहुणे आपापल्या घरी गेले. पाणी ओसरलंच नसतं, तर तिनशेव्या रात्री त्या दोन खोल्यांत काय झालं असतं? आपल्या पुराच्या आठवणी जिथं थांबतात, तिथून या कादंबऱ्या सुरू होतात.

कॉरमॅक मॅकार्थी यांच्या ‘द रोड’मध्ये तर रात्र मोजायचीही सोय नाही. २००६ सालचं हे पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. सगळीकडे राख. एक बाप आणि त्याचा लहान मुलगा दुकानातली ढकलगाडी रेटत दक्षिणेकडे चाललेत. माणसं माणसांना खातायत अशा जगात. त्यातल्या भयानक जागा मी इथं सांगणार नाही, जेवायच्या वेळी कोणी ऐकत असेल. एक साधी जागा सांगते. कोकोची शेवटची अर्धी पुडी उरलीय. बाप ती सगळी मुलाच्या कपात घालतो आणि स्वतःच्या कपात नुसतं गरम पाणी ओतून त्यावर फुंकर मारत बसतो, जणू कोकोच पितोय. मुलगा ओळखतो. असं करणार नाही म्हणाला होतास ना? बाप पाणी परत भांड्यात ओततो आणि मुलाच्या कपातला थोडा कोको आपल्या कपात घेतो. तुझ्यावर सारखं लक्ष ठेवावं लागतं, असं तो पोरगा बापाला म्हणतो.

‘मला भूकच नाही आज,’ ‘तुम्ही घ्या, मी मागून बसते’ आणि मग रिकाम्या पातेल्यात पळी फिरवल्याचा आवाज. हे ज्या घरांत ऐकलं गेलंय, त्या घरातल्या वाचकाला त्या कपातलं पाणी समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे आजीची ही चोरी पकडायला आम्हांला फार वर्षं लागली. मॅकार्थींचा मुलगा जास्त हुशार. त्याला कळलंय की बाप असा उपाशी राहत गेला, तर शेवटी आपल्यापाशी कोको असेल आणि बाप नसेल.

नाती टिकतात तशी काही बंधनं गळूनही पडतात. जॉर्ज स्टुअर्ट यांच्या १९४९ सालच्या ‘अर्थ अबाइड्स’मध्ये साथीने कॅलिफोर्निया ओस पडलाय. इश नावाच्या गोऱ्या माणसाला एम भेटते. दोघं एकत्र राहू लागतात आणि मग ती चाचरत सांगते की आपल्या रक्तात काळ्यांचा वंश आहे. त्याला हसू येतं. कोण उरलंय विचारायला? कादंबरी येण्याच्या आदल्याच वर्षी, १९४८ मध्ये, कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथली गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी रद्द केली होती. सोयरीक जुळवण्याआधी आपल्याकडे काय काय विचारलं जातं, ते आठवलं की वाटतं, एवढी साधी गोष्ट व्हायला सगळं जगच जावं लागलं की काय.

आणि या सगळ्यांची पूर्वज, ‘फ्रँकेन्स्टाइन’वाली मेरी शेली. १८२६ मध्ये तिने ‘द लास्ट मॅन’ लिहिली. एकविसाव्या शतकाच्या शेवटी महामारी येते आणि लायोनेल व्हर्नी एकटा उरतो. मेरीला ही कल्पना दूर कुठून आणावी लागली नाही. मुलं गेलेली, १८२२ मध्ये नवरा इटलीच्या समुद्रात बुडालेला, १८२४ मध्ये मित्र बायरन ग्रीसमध्ये वारलेला. कादंबरीत तिने दोघांना पात्रं करून पुन्हा उठवलं आणि पुन्हा मारलं. व्हर्नी रोममध्ये भटकतो, सेंट पीटर चर्चच्या माथ्यावर चढून २१०० हे साल कोरतो आणि मग एक पुस्तक लिहायला बसतो. वाचणारं कोणी नाही हे त्याला माहीत आहे. म्हणून तो ते मेलेल्यांना अर्पण करतो, उठा आणि वाचा, असं त्यांनाच सांगतो. मग होमर आणि शेक्सपिअर बरोबर घेतो, एक कुत्रा भेटलाय त्याला नावेत बसवतो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कोणी दिसतंय का बघायला निघतो.

या स्टुडिओला खिडकी नाही. समोर एक लाल दिवा आहे आणि काचेपलीकडे बसलेल्या ताई बोटाने खूण करतायत, अर्धा मिनिट राहिलाय. तुम्ही कोण आहात, किती आहात, स्वयंपाकघरात आहात की गाडीत, मला काही दिसत नाही. ऐकत असाल, तर नमस्कार.