आधी कोंबड्या डाला

नमस्कार श्रोतेहो.

मला दिलेला विषय आहे कुपोषणाच्या कामासाठी आहारतज्ज्ञ कसे तयार करावेत. विषय भारदस्त आहे. पण खरं सांगू का, तो ऐकला की मला तीन कोंबड्या आठवतात. दोन तांबड्या आणि एक शेपटी झडलेली पांढरी. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या. चौतीस वर्षं मी आहारशास्त्र शिकवलं, आणि त्यातली शेवटची काही वर्षं मी जे वेगळं शिकवलं, ते या कोंबड्यांमुळे. त्यांच्याकडे येतेच. आधी दोन आकडे सांगून मोकळी होते.

2019 ते 2021 या काळात जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं महाराष्ट्रात वयाच्या मानानं खुजी निघाली. उंचीच्या मानानं हडकलेली निघाली 25 टक्क्यांहून जास्त. देशाचा हाच आकडा 19 च्या आसपास आहे. म्हणजे मुलं हडकण्यात आपला महाराष्ट्र देशाच्या सरासरीहूनही वाईट. आणि दुसरा आकडा देशाचा. सहा महिने ते दोन वर्षं या वयात ज्यांना पुरेसा आहार मिळतो, अशी मुलं शंभरात अकरा. पुन्हा सांगते, शंभरात अकरा. उरलेल्या एकोणनव्वद घरांत सगळीकडे दुष्काळ नसतो हो. यात बंगलेवालेही आले.

आता आमचा माणूस, म्हणजे आहारतज्ज्ञ, तयार होतो कसा? पोषणशास्त्र आपल्याकडे जुनं आहे. 1918 साली कुन्नूरला एका खोलीत बेरीबेरी या जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या आजाराच्या शोधासाठी काम सुरू झालं, तेच वाढत वाढत 1958 मध्ये हैदराबादला गेलं आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झालं. कुठल्या अन्नात काय किती असतं याचे जे तक्ते आम्ही मुलींना पाठ करायला लावायचो, ते याच संस्थेचे. शिवाय गृहविज्ञानाची महाविद्यालयं आहेत, पदव्या आहेत, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उमेदवारी आहे. तिथं मुलगी मधुमेहाचं ताट शिकते, किडनीचं ताट शिकते, नळीनं द्यायचं अन्न शिकते. उत्तम शिकते. 2021 मध्ये कायदा होऊन या व्यवसायाची राष्ट्रीय पातळीवर नोंद घेण्याची सोयही झाली. चांगलं झालं. मी एमएस्सीला होते तेव्हा शेजारच्या काकू विचारायच्या, “पापड-लोणच्याच्या कोर्सला एवढी वर्षं लागतात का गं?” आणि आताच्या काकू विचारतात, “महिन्यात पाच किलो उतरवून देशील का?” डाएट म्हणजे वजन उतरवणं, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की वजन चढवणाऱ्या आहारतज्ज्ञाची कुणाला कल्पनाच करता येत नाही.

तर कोंबड्या.

पालघर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. म्हणजे 2014 ची दिवाळी उलटून गेलेली. मी अकरा मुलींना घेऊन मोखाड्याला आठ दिवसांच्या शिबिराला गेले. हा जव्हार-मोखाड्याचा पट्टा तुम्हाला ऐकून माहीत असेल. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभरावर बालकं दगावली, तेव्हा या भागाचं नाव सगळ्या राज्याला कळलं. आम्ही गेलो तेव्हा पाड्यावरच्या निम्म्या घरांना कुलपं होती. भातकापणी आटोपली, की माणसं पोरंबाळं घेऊन भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, ती होळीला परततात. राहिलेल्या घरांत झोडणीची घाई चाललेली.

आमच्या वर्गात एक सोलापूरची मुलगी होती. हुशार, टापटिपीची, वहीला खाकी कव्हर घालणारी. तिच्या वाट्याला सोळा महिन्यांचा एक मुलगा आला. वजन सात किलो सातशे. दोन महिन्यांपूर्वी अंगणवाडीच्या नोंदीत होतं सात किलो नऊशे. दंडघेर बारा सेंटिमीटर. दंडाची पट्टी तुम्ही पाहिली असेल, हिरवी-पिवळी-लाल. साडेअकराच्या खाली लाल, साडेबाराच्या वर हिरवं. हा मधे, पिवळ्यात. ताप नाही, जुलाब नाही, पायावर सूज नाही. तरी वजन उतरतंय.

मुलीनं आम्ही शिकवलं होतं तसंच केलं. आईला समोर बसवून चोवीस तासांचा आहार विचारला. काल सकाळी काय दिलं? नागलीची भाकर. नागली म्हणजे आपली नाचणी, तिकडं नागलीच म्हणतात. किती? एक. केवढी? आईनं हातानं आकार दाखवला. मुलीनं घरातल्या पिठाची मूठ घेऊन काट्यावर टाकली, हिशेब केला, ऐंशी ग्रॅम पीठ धरलं आणि वहीत लिहिलं: 262.40 किलोकॅलरी, कॅल्शियम 275.20 मिलिग्रॅम. दोन दशांश स्थळांपर्यंत! दुपारी भात आणि उडदाचं वरण, संध्याकाळी पुन्हा भात, अंगावरचं दूध चालूच. बेरीज बरी आली. या वयाच्या मुलाला आईच्या दुधाखेरीज साधारण साडेपाचशे किलोकॅलरी वरच्या अन्नातून लागतात, आणि वहीप्रमाणे त्या त्याला मिळत होत्या.

रात्री ती माझ्याकडे आली. म्हणाली, “मॅडम, हिशेब बसतोय, मूल बसत नाहीये.” मी काय सांगावं? मी म्हटलं, जंत असतील, तपासायला सांग. म्हणजे मलाही कळलं नव्हतं, हे कबूल करते.

तिथल्या अंगणवाडीच्या सेविकाताईंनी हे ऐकलं. दहावी झालेल्या, चाळिशीच्या, बोलायला कमी. त्यांची बोली मला जशीच्या तशी येणार नाही, माझ्याच शब्दांत सांगते. त्या मुलीला म्हणाल्या, “उद्या काही विचारू नका. वही आणू नका. उजाडायच्या आत त्या घराच्या ओट्यावर जाऊन नुसत्या बसा.”

दुसऱ्या दिवशी ही जाऊन बसली. मीही मागोमाग गेले, कुतूहल म्हणून. थंडी मी म्हणत होती. आईनं चुलीवर भाकरी टाकल्या, एक गरम भाकर पोराच्या हातात दिली, सहा वर्षांच्या बहिणीला सांगितलं “बघ त्याच्याकडं”, आणि डोक्याला फडकं बांधून ती खळ्यावर निघून गेली. बहीण विटीदांडूत. पोरगा उंबऱ्यावर, भाकर दोन्ही हातांत धरून. त्यानं एक कड चोखली. दात चार. मग भाकर हातातून लोंबायला लागली. आणि कुडाच्या आडून त्या आल्या. आधी पांढरी, मग दोन तांबड्या. घाई नाही, गडबड नाही, रोजचं काम असल्यासारख्या. एक टोच इकडून, एक तिकडून. पोराला वाटलं खेळच आहे, तो हसून भाकर आणखी पुढे करायचा. पंधरा मिनिटांत भाकर संपली. पोराच्या पोटात किती गेली म्हणाल, तर फार तर दोन बोटं.

संध्याकाळी आईला विचारलं असतं, तर ती काय म्हणाली असती? एक भाकर खाल्ली. आणि ती खोटं बोलत नव्हती. तिनं एक भाकर दिली होती, परत आली तेव्हा भाकर नव्हती.

सेविकाताई मागे उभ्या होत्या. हसू दाबत म्हणाल्या, “मॅडम, तुमचा काटा आणा. पोराचं झालं, आता कोंबडीचं वजन करा.”

श्रोतेहो, मी आयुष्यात पुष्कळ परिषदांना बसले, पण एवढं नेमकं वाक्य कुठल्या व्यासपीठावरून ऐकलेलं आठवत नाही. ताईंना हे आधीच माहीत होतं का? होतं. मग सांगितलं का नाही? त्यांचं उत्तर असं, की सांगितलं असतं तर तुम्ही लिहून घेतलं असतं.

त्या मुलीनं रात्री आहारतक्ता नव्यानं लिहिला. पहिल्या तक्त्यात पनीर होतं, मोसंबी होती, मोड आलेले मूग होते. नव्या तक्त्याची पहिली ओळ होती: “जेवणाआधी कोंबड्या डालाव्यात.” डालगं घरातच होतं, बांबूचं. दुसरी ओळ: भाकर हातात न देता वरणात कुस्करून वाटीत द्यावी, बहिणीनं भरवावी, मग खेळायला जावं. तिसरी: वाटीत एक चमचा तेल. बस्स. आपल्याकडे म्हणतात, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. इथं मात्र कोंबड्या झाकल्यावरच तांबडं फुटलं. तीन आठवड्यांनी ताईंनी फोनवर वजन कळवलं, आठ किलो पन्नास ग्रॅम.

आता या गोष्टीला तुम्ही अपवाद म्हणाल. मी म्हणेन, दर घरात एक कोंबडी असते. कुठं ती बिस्किटाचा पुडा असते. चहात बुडवलेली दोन बिस्किटं खाऊन मुलाची भूक मरते, आणि आई म्हणते हा जेवतच नाही. या बिस्किटांवर माझा जुना राग आहे, त्यावर वेगळा अर्धा तास द्या, मी येईन. कुठं ती कोंबडी म्हणजे पातळ पेज असते. आठ किलोच्या मुलाचं पोट केवढं? एका वेळी जेमतेम एक मोठी वाटी मावते, अडीचशे मिलिलिटरपेक्षा कमीच. ती वाटी पाण्यानंच भरली तर ताकदीला जागा कुठं? म्हणून तो तेलाचा चमचा. एका चमच्यात पंचेचाळीस किलोकॅलरी, आणि जागा काहीच नाही. घट्ट द्या, कुस्करून द्या, तेल घाला. हे तीनही शब्द लक्षात ठेवा: घट्ट, कुस्करून, तेल.

मुद्दा असा की हे वर्गात शिकवता येत नाही. पट्टी कशी लावायची ते शिकवता येतं: डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला, पट्टी कातडीला टेकलेली पण आवळलेली नाही. सूज बघायला दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीन सेकंद थांबायचं, हेही शिकवता येतं. आणि झोळीचा काटा दर वेळी झोळी अडकवूनच शून्यावर आणायचा, हे तर मी ओरडून शिकवलंय, कारण ओल्या झोळीनं कितीतरी मुलं कागदावर धष्टपुष्ट झालेली मी पाहिली आहेत. पण न विचारता बसायचं कसं, बघायचं कसं, हे ओट्यावर बसूनच येतं. आम्ही पुढे प्रश्नही बदलला. “काल काय खाल्लं?” असं विचारायचंच नाही. “काल दिवसभर पोर कुणाकडं होतं?” असं विचारायचं. खाण्याचा पत्ता आपोआप लागतो.

याच जिल्ह्यात बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणाचं काम करणाऱ्या दोघींनी काय केलं होतं? आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. अंगणवाडी या शब्दाचं मूळ तिथं आहे. 1975 पासून तो शब्द सरकारी योजनेमुळे देशभर गेला, आणि अंगण मात्र आमच्या अभ्यासक्रमात कधी आलंच नाही. दोन वर्षांच्या एमएस्सीत मुली इस्पितळात कित्येक महिने काढतात, पाड्यावर मात्र शिबिरापुरते आठ दिवस. आणि ती सेविका, जिला सगळं ठाऊक असतं, तिला आम्ही प्रशिक्षण द्यायला जातो! माझं तर म्हणणं आहे, सेविकेला परीक्षक म्हणून बोलवा, मानधन द्या, तिच्या सहीशिवाय मुलीला पदवी देऊ नका. हे मी एका बैठकीत बोलले तेव्हा सगळे हसले. मी विनोद केलेला नव्हता.

वेळ संपत आली, असं समोरून खुणावताहेत. एवढंच सांगून थांबते.

निघायच्या दिवशी सोलापूरच्या मुलीनं त्या आईला शेवटचा सल्ला दिला, “कोंबड्यांची अंडी पोराला देत जा.” आई म्हणाली, अंडी बाजारच्या दिवशी विकते, त्यातच मीठ आणि तेल येतं. मुलगी गप्प झाली. तिच्या तक्त्यातला तेलाचा चमचा त्या अंड्यांतूनच येत होता, आणि अंडी पोराच्या भाकरीतून. काय सांगणार? शेवटी दोघींनी ठरवलं, आठवड्याला दोन अंडी घरात ठेवायची.

आणि आम्ही जीपमध्ये बसताना त्या बाईनं दोन अंडी फडक्यात गुंडाळून मुलीच्या पिशवीत घातली. नको नको म्हटलं तरी घातलीच. घाटात एक फुटलं. ती खाकी कव्हरची वही माझ्याकडे आहे अजून. त्या दिवशीची दोन पानं चिकटलेली आहेत, 262.40 वालं पान त्यातच आहे.

नमस्कार.