हिरव्या द्राक्षात अडलेला रंग

नमस्कार श्रोतेहो.

काळ्या द्राक्षाचा एक मणी घ्या आणि नखाने त्याची साल हळूच सोलून पाहा. साल गडद जांभळी, गर मात्र हिरवट आणि जवळजवळ आरपार दिसणारा. मण्यावर जी पांढुरकी झाक असते ती मेणाची. बोट फिरवलं की ती जाते, रंगाशी तिचा संबंध नाही. खरा रंग असतो सालीतल्या पेशींच्या मोजक्या थरांत. या प्रत्येक पेशीत पाण्याने भरलेली एक पोकळी असते, तिला रिक्तिका म्हणतात. त्या पाण्यात रंगद्रव्य विरघळलेलं असतं. मण्याचा सगळा काळेपणा एवढ्याशा पापुद्र्यात मावलेला असतो.

या रंगद्रव्यांच्या कुळाचं नाव अँथोसायनिन. सोललेली साल थोड्या कोमट पाण्यात चुरगळा. त्या पाण्यात लिंबाचे दोन थेंब टाकले तर ते लालभडक होतं, आणि दुसऱ्या वाटीत चिमूटभर खायचा सोडा टाकला तर निळसर-हिरवट. आम्लता बदलली की या रेणूची रचना बदलते आणि तिच्यासोबत रंगही. पेशीतली रिक्तिका आम्लधर्मी असते, म्हणून आपल्याला लाल-जांभळा रंग दिसतो.

पण मग एक वाण लालसर आणि दुसरा काळाभोर, असं का? जगात सर्वाधिक लावली जाणारी द्राक्षं व्हायटिस व्हिनिफेरा या प्रजातीची आहेत. त्यांच्या सालीत मुख्यतः पाच प्रकारची अँथोसायनिन सापडतात. त्यांचे मूळ सांगाडे म्हणजे सायनिडिन, पिओनिडिन, डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिन. पाचांची बांधणी सारखीच, फरक फक्त एका बाजूच्या कड्यावर. त्या कड्यावर ऑक्सिजनधारी गट दोन असतील तर रंग लालीकडे झुकतो, तीन असतील तर निळ्या-जांभळ्याकडे. दोन की तीन, हे दोन विकरांच्या चढाओढीत ठरतं. विकरं म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं. क्रिमसन सीडलेस किंवा रेड ग्लोब या लाल वाणांत दोन गटांचं पिओनिडिन वरचढ असतं. कॅबरने सोव्हिन्याँ आणि सिराझ या काळ्या वाणांत तीन गटांचं माल्व्हिडिन. त्यात एकूण रंगद्रव्यही काळ्या वाणांत पुष्कळ जास्त साठतं, म्हणून साल जवळपास काळी दिसते.

वाणावाणांचे बारकावेही आहेत. बहुतेक काळ्या वाणांत काही अँथोसायनिनना आम्लांचे तुकडे जोडलेले असतात. पिनो न्वार या वाणात मात्र अशी जोडणी जवळपास नसतेच, आणि नुसत्या रासायनिक तपासणीवरून तो ओळखू येतो. व्हिनिफेराच्या अँथोसायनिनवर साखरेचा एकच रेणू असतो. अमेरिकेतल्या अनेक रानटी प्रजातींत दोन असतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात याच खुणेवरून संकरित द्राक्षांची वाइन हुडकून काढत.

आता हिरव्या द्राक्षांकडे वळू. रंगाची सुरुवात होते फिनिलअ‍ॅलनिन या साध्या अमिनो आम्लापासून. एकामागून एक विकरं त्यावर काम करतात आणि शेवटी यूएफजीटी नावाचं विकर त्याला साखर जोडतं. साखर जोडल्याशिवाय हा रेणू टिकत नाही. मग हिरव्या वाणांत यातलं काय नसतं? 1996 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रंगीत आणि बिनरंगी वाणांच्या साली तपासल्या, तेव्हा आधीच्या पायऱ्यांची जनुकं हिरव्या सालीतही चालू असलेली दिसली. बंद होती ती फक्त शेवटची, यूएफजीटीची. आणि ते जनुकही बिघडलेलं नव्हतं, हे विशेष. सगळे कामगार हजर आहेत, अवजारं आहेत, पण शेवटच्या कामाला हुकूम देणारा मुकादमच आलेला नाही, अशी ती अवस्था.

तो मुकादम 2004 साली जपानी संशोधकांना सापडला. व्हीव्ही-मायबी-ए-वन हे त्याचं नाव, यूएफजीटीला चालू करणारं जनुक. हिरव्या वाणांत या जनुकाच्या अगदी अलीकडे, जिथून ते सुरू व्हायचं त्याच जागी, डीएनएचा सुमारे 10 हजार अक्षरांचा एक परका तुकडा घुसलेला असतो. स्वतःच्या नकला काढून जनुकसंचात कुठेही जाऊन बसणाऱ्या तुकड्यांपैकी हा एक. त्याचं नाव ग्रेट-वन. 2007 साली आणखी एक गोष्ट पुढे आली. या जनुकाच्या शेजारीच तसंच काम करणारं दुसरं जनुक आहे, आणि हिरव्या वाणांत तेही निकामी झालेलं असतं. दोन स्वतंत्र बिघाड एकत्र आल्याशिवाय साल बिनरंगी होत नाही. अशी जुळणी वारंवार घडणं अवघड. शिवाय तपासलेल्या बहुतेक हिरव्या वाणांत हीच जोडी सापडते. म्हणजे ती बहुधा एकाच प्राचीन वेलीकडून आली असावी. इतके वेगवेगळ्या चवीचे, आकारांचे हिरवे वाण आणि त्यांचा हिरवेपणा मात्र एकाच घटनेतला, हे मला फार विलक्षण वाटतं.

हा बिघाड कायमचाच असतो असंही नाही. इटालिया नावाच्या हिरव्या वाणाच्या वेलीवर लाल घड आले आणि त्यातून रुबी ओकुयामा हा वाण मिळाला. तपासलं तेव्हा दिसलं की ग्रेट-वनचा बहुतेक भाग तिथून निघून गेलाय, मागे फक्त त्याचं एक टोक उरलंय. तेवढ्याने जनुक पुन्हा बोलू लागलं.

उलट दिशेनेही असंच घडतं. कॅबरने सोव्हिन्याँचे आईबाप म्हणजे काळा कॅबरने फ्राँ आणि हिरवा सोव्हिन्याँ ब्लाँ. त्यामुळे त्याच्याकडे चालू जनुकांची एकच प्रत असते, दुसरी हिरव्या पालकाकडून आलेली, निकामी. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1977 साली या काळ्या वाणाच्या एका वेलीवर तांबूस-तपकिरी घडांची फांदी आली. तिच्यापासून मॅलियन हा वाण झाला. पुढे त्याच्यावर हिरवे घड आले, तो शॅलिस्टिन. वेलीच्या शेंड्यात पेशींचे दोन स्वतंत्र थर असतात. बाहेरच्या थरापासून मण्याची सर्वांत वरची त्वचा होते, आतल्यापासून तिच्याखालच्या पेशी. मॅलियनमध्ये आतल्या थरातली चालू प्रत गळून पडली, म्हणून रंग फक्त वरच्या त्वचेत उरला आणि मणी फिका दिसू लागला. शॅलिस्टिनमध्ये आतल्या पेशींनी बाहेरच्या थराचीही जागा घेतली आणि उरलासुरला रंग गेला. पिनो न्वारपासून करडा पिनो ग्री आणि हिरवा पिनो ब्लाँ झाले, त्यांचीही कथा याच जातीची.

जनुक शाबूत असलं तरी ते वेळेवरच बोलतं. कच्चा मणी कठीण आणि आंबट असतो. मग त्यात पाणी उतरतं, तो मऊ पडतो, साखर भरू लागते, आणि त्याच सुमाराला अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संजीवक वाढतं. सालीत मायबी, म्हणजे तेच मुकादम जनुक, जागं होतं ते तेव्हा. घडातल्या सगळ्या मण्यांत हे एकाच दिवशी घडत नाही, म्हणून एकाच घडात हिरवा, गुलाबी आणि काळा मणी शेजारी शेजारी दिसतो. रंग नीट येत नसेल तर काही बागांत याच संजीवकाची फवारणी करतात. उष्णता मात्र रंगाला बाधते. पारा 35 अंशांच्या पुढे राहिला किंवा रात्री उबदार राहिल्या तर रंगद्रव्य कमी बनतं आणि बनलेलंही मोडतं. त्यात माल्व्हिडिन इतरांपेक्षा जास्त टिकतं. म्हणून उन्हाच्या तडाख्यात काळ्या वाणांपेक्षा लाल वाण लवकर फिके पडतात.

थोड्या वाणांत रंग गरातही असतो. आलिकांत बुशे हा त्यातला प्रसिद्ध. असा मणी पिळला की रसच लाल निघतो. या गटातल्या काही वाणांत मायबीच्या अलीकडच्या डीएनएमधला 408 अक्षरांचा एक तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा आलेला आढळतो. कुणात दोनदा, कुणात तीनदा, कुणात पाचदा. प्रती जितक्या जास्त तितका रंग गडद, आणि तो सालीत न थांबता गरात, देठात, पानांतही उतरतो.